छकुलीचं रिफ्लक्सचं ऑपरेशन: ठरवायला लागलेले साडेतीन महिने

छकुलीचं रिफ्लक्सचं, म्हणजे जठरातलं दूध उलटं वर येण्यावरचं, ऑपरेशन होऊन आज चार महिने झाले. हे आधीच लिहायला घेतलं होतं, पण घाईने "सगळं छान झालं" असं लिहून मोकळं व्हायचं नव्हतं. पावसाळा जाऊ दे, मग बघू, असं ठरवलं. आता पावसाळा गेला, दिवाळीही झाली. फेब्रुवारीत मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर शोधत बसायचे, तेव्हा मराठीत कामाचं काहीच हाती लागायचं नाही. आत्ता एखादी आई तशीच शोधत जागी असेल, तिच्यासाठी हे लिहिते आहे.

आमची छकुली साडेतीन वर्षांची आहे. चौदाव्या महिन्यापर्यंत ती बसत होती, टाळ्या वाजवत होती. जुलै २०२३ मध्ये तीन दिवस ताप आला आणि तिला मान धरता येईना. एमआरआय झाला, रक्तातलं लॅक्टेट वाढलेलं निघालं, पुढे जनुकीय तपासणी झाली. निदान आलं ली सिंड्रोम, सर्फ-१ नावाच्या जनुकातल्या दोषामुळे. दोष आम्हा दोघांकडून एक-एक आलेला, आणि आम्हा दोघांना मात्र काहीच त्रास नाही. पेशीत अन्नापासून शक्ती तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया असतात, ते हिच्यात अपुरे काम करतात. मला ते असं समजलं की चुलीत लाकडं आहेत, पण चूल धड पेटत नाही. ताप, उपास, ऑपरेशन, काहीही ताण आला की खर्च वाढतो आणि तेवढी शक्ती तयार होत नाही. मग ती काहीतरी गमावते. गमावलेलं सहसा परत येत नाही. आमच्या सगळ्या निर्णयामागे हे एवढं एकच होतं.

मार्च २०२४ पासून नाकातून जठरात जाणारी रायल्स ट्यूब. दर तीन तासांनी १२० मिली दूध, सिरिंज उंच धरून. सुरुवातीला वजन वाढलं, आम्ही खूश होतो. दिवाळीनंतर ओकाऱ्या सुरू झाल्या. दूध दिलं की अर्ध्या तासात तोंडाशी यायचं. कधी बाहेर पडायचं, कधी नुसतं घशापर्यंत येऊन परत जायचं आणि ती घुसमटायची. नोव्हेंबरमध्ये न्यूमोनिया, ऐन संक्रांतीला दुसरा, फेब्रुवारीच्या शेवटी तिसरा. तिसऱ्या वेळी आठ दिवस आयसीयू. घरी आलो तेव्हा तिचं हसताना येणारं "ऊं" गेलं होतं. ते गेलं हे माझ्या लक्षात यायलाही दोन दिवस लागले.

४ मार्चला नाशिकमधल्याच एका बालशल्यचिकित्सकांकडे गेलो. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे चित्र काढून समजावलं. थंडीत गळ्याला मफलर गुंडाळतो तसा जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळायचा आणि टाके घालायचे. याला फंडोप्लिकेशन म्हणतात. त्याच भुलीत पोटावरून थेट जठरात जाणारी नळी बसवायची, म्हणजे नाकातली नळी कायमची जाईल. मी विचारलं, हे नवीन आहे का? ते म्हणाले, "नाही ताई, रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ साली ही पद्धत मांडली. आता आम्ही दुर्बिणीतून करतो, एवढाच फरक." पण त्यांनी दुसरी बाजूही लगेच सांगितली. मेंदूचा आजार असलेल्या मुलांमध्ये ही गुंडाळी सैल होण्याचं किंवा वर सरकण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं. मुलाला ढेकर देता येत नाही, पोट फुगतं, कोरडे उमाळे येतात. आणि हिच्या बाबतीत भूल हाच मोठा प्रश्न. "मी ऑपरेशन करीन, पण तिच्या मूळ आजाराच्या डॉक्टरांचं मत लेखी आणा," असं म्हणाले. त्यांनी घाई केली नाही याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

घरी आल्यावर सासूबाई गप्प होत्या. रात्री भांडी आवरताना म्हणाल्या, "अगं, पोटाला भोक पाडून लेकराला काय सुख देणार आहात तुम्ही?" मला राग आला, मी उठून गेले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. या आजारात किती वर्षं हातात आहेत हे कुणी सांगत नाही आणि आम्हीही आता विचारत नाही. मग त्यातले किती दिवस दवाखान्यात जावेत? तीन न्यूमोनियांत आमचे सव्वीस दिवस दवाखान्यात गेले होते. मी वहीत मोजले. ऑपरेशन करून हे दिवस कमी होणार असतील तर भोक परवडलं. होणार नसतील तर सासूबाईंचं बरोबर होतं.

१८ मार्चला छकुलीला आईजवळ ठेवून आम्ही दोघंच फाईल घेऊन पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरलो आणि परळला एका सरकारी रुग्णालयाच्या जनुकीय आजारांच्या विभागात गेलो. केसपेपर काढून नंबर यायला दीड वाजला. तिथल्या मॅडमनी फाईल शांतपणे वाचली आणि एकच प्रश्न विचारला. "हिच्या फुप्फुसात जातंय ते वरून जातंय की खालून येतंय?"

हा प्रश्न तोपर्यंत आमच्या मनातही आला नव्हता. अशा मुलांना स्वतःची लाळसुद्धा नीट गिळता येत नाही. लाळ फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होत असेल तर जठराला कितीही गुंडाळा, न्यूमोनिया थांबणार नाही. दूध खालून वर येऊन जात असेल तरच त्या ऑपरेशनाचा उपयोग. हे शोधायची सोपी रीत त्यांनी सांगितली. काही आठवडे जठरात काहीच घालायचं नाही. नळी जठराच्या पुढे, लहान आतड्यात न्यायची. न्यूमोनिया थांबला तर दोष खालचा. न थांबला तर ऑपरेशनाचा विचार सोडायचा. तुमच्यासमोर हा निर्णय असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हा प्रश्न विचारा. आमचे बाकीचे सगळे प्रश्न याच्या मागे उभे राहिले.

एप्रिलमध्ये दोन तपासण्या झाल्या. बेरियमच्या एक्स-रेमध्ये आतड्याला पीळ किंवा उलटी मांडणी तर नाही ना हे बघतात. ते नॉर्मल होतं. दुसरा मिल्क स्कॅन. दुधात किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळून नळीतून देतात आणि तासभर कॅमेऱ्याखाली झोपवतात. दूध किती वेळा वर येतं आणि जठर किती वेगाने रिकामं होतं, दोन्ही कळतं. आम्हाला त्याचे साडेचार हजार पडले. दूध बऱ्याच वेळा वर, अगदी घशापर्यंत येत होतं. जठर मात्र बऱ्यापैकी वेगाने रिकामं होत होतं. हे दुसरं फार महत्त्वाचं ठरलं, कारण जठर सुस्त असेल तर गुंडाळीनंतर उमाळ्यांचा त्रास जास्त होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं.

या तपासण्यांच्या वेळी एका ठिकाणी आम्हाला फार वाईट अनुभव आला. "सकाळपासून उपाशी आणा" असं फोनवर सांगितलं. मी आजार सांगितला, तर "सगळ्यांनाच उपाशी लागतं" असं उत्तर. नऊची वेळ होती, साडेबारापर्यंत नंबर नाही. छकुली माझ्या हातात सैल पडत गेली, हातपाय गार. शेवटी तपासणी सोडून आम्ही तिला थेट आमच्या डॉक्टरांकडे नेलं आणि सलाईनमधून साखर सुरू झाली. तो दिवस मला अजूनही आठवायला नको वाटतो. तपासणी नंतर दुसरीकडे झाली, तिथे पहिला नंबर दिला आणि ग्लुकोजची बाटली आधीच लावली होती.

त्याच आठवड्यात मॅडमकडून एक पानी पत्र घेतलं. आजाराचं नाव, जास्त वेळ उपाशी ठेवू नका, उपास अटळ असेल तर डेक्स्ट्रोजचं, म्हणजे साखरेचं, सलाईन लावा, रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन टाळा, फिट आली तरी व्हॅलप्रोएट देऊ नका, आणि त्यांचा फोन नंबर. त्याच्या सहा प्रती लॅमिनेट केल्या. एक गाडीत, एक माझ्या पर्समध्ये, एक फ्रिजवर. लॅमिनेशनचे एकशेवीस रुपये झाले, आणि या सगळ्या खर्चात त्याच्याइतका उपयोग कशाचाच झाला नाही.

२१ एप्रिलला नाकातून लहान आतड्यापर्यंत जाणारी एनजे ट्यूब बसली, एक्स-रेवर बघत बघत. आतड्यात एकदम १२० मिली ओतता येत नाही, कारण साठवायला तिथे पिशवी नाही. म्हणून पंपाने ताशी ४० मिली, दिवसाचे वीस तास. पंप महिना साडेतीन हजार रुपये भाड्याने मिळाला. घेताना बॅटरी किती वेळ चालते ते दुकानातच तपासून घ्या, एप्रिल-मेमध्ये वीज जाते तेव्हा कळण्यापेक्षा बरं. ही नळी फार बारीक असते. कोएन्झाइमच्या तेलकट औषधाने पहिल्याच आठवड्यात तुंबली आणि पुन्हा दवाखाना, पुन्हा एक्स-रे, पाच हजार. नंतर प्रत्येक औषधाच्या आधी आणि नंतर कोमट पाणी ढकलायची सवय लावली. मे महिन्यात एकदा छकुलीने शिंकताना ती पार बाहेर काढली.

पण साठ दिवसांत न्यूमोनिया एकदाही नाही. सक्शन मशीनमध्ये पूर्वी दुधासारखा पांढरट कफ यायचा, तो साधा पाण्यासारखा झाला. वजन ९.१ वरून ९.९ किलो. मी दोनशे पानी वहीत रोज चार रकाने भरत होते: दूध, उलटी, खोकला, कफाचा रंग. डॉक्टर माझ्या सांगण्यापेक्षा त्या वहीवर जास्त वेळ थांबायचे. तुम्हीही लिहा, भले वाकड्यातिकड्या अक्षरात.

मग कुणीही विचारील की एनजेच चालू का ठेवली नाही? आम्हीही विचारलं. पोटावरून जठरात आणि तिथून पुढे आतड्यात जाणारी नळीही असते. तिच्यात गुंडाळीची गरज नाही, मोठी भूल टळते. पण ती सरकते, दर काही महिन्यांनी एक्स-रेखाली बदलावी लागते, लहान मापात सहज मिळत नाही, आणि वीस तास पंपाला बांधलेलं मूल तसंच राहतं. ज्यांच्या बाळाला भूल झेपणार नाही त्यांच्यासाठी हाच मार्ग बरा, असं दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं. आमच्याकडे जठर चांगलं चालत होतं, टूडी एकोत हृदय ठीक होतं, छाती दोन महिने स्वच्छ होती. मॅडम म्हणाल्या, "करायचं असेल तर ही वेळ आहे. चौथ्या न्यूमोनियानंतर मी हो म्हणणार नाही."

त्या जूनच्या भेटीला छकुलीला घेऊन गाडीने गेलो. इगतपुरीच्या पुढचा समृद्धी महामार्ग ५ जूनलाच सुरू झाला होता, त्यामुळे कसारा घाटाची वळणं टळली. घाटात तिला हमखास उलटी व्हायची. लेखी मत हातात पडलं २० जूनला.

तरी आम्ही लगेच हो म्हटलं नाही. आधी भूलतज्ज्ञांना वेगळी वेळ मागितली. बरेच पालक त्यांना ऑपरेशनच्या दिवशीच पाहतात. या आजारात तसं करू नका. त्यांनी पत्र वाचलं, मुंबईला स्वतः फोन केला. ठरलं ते असं: आदल्या रात्रीपासून डेक्स्ट्रोज, दिवसातली पहिली केस, अंग गरम ठेवायचं, मधूनमधून साखर आणि लॅक्टेट तपासायचं, प्रोपोफॉल हे भुलीचं औषध लांबवर चालू ठेवायचं नाही, आणि आयसीयूत व्हेंटिलेटरसह खाट आधी राखून ठेवायची.

मग आयसीयूच्या डॉक्टरांनी आम्हाला केबिनमध्ये बसवलं आणि दार लावलं. "ऑपरेशन नीट होईल. पण श्वासाची नळी काढल्यावर ती स्वतः श्वास घेऊ शकली नाही तर? किती दिवस वाट बघायची? गळ्याला भोक पाडून कायमचं मशीन लावायचं का? हे आज बोलू या. त्या दिवशी तुम्हाला सुचणार नाही." नवऱ्याने माझा हात धरला. आम्ही दोन दिवस मागून घेतले. शनिवारी छकुली झोपल्यावर स्वयंपाकघरात बसलो, सासूबाईंनाही बोलावलं. तिघांनी मिळून एका कागदावर लिहिलं. काय लिहिलं ते इथे सांगत नाही, ते प्रत्येक घराचं वेगळं असेल. लिहून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "करा." त्यानंतर त्या भोकाबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत.

विम्याचं सांगते. नवऱ्याच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता. १ जुलैला अर्ज गेला, दुसऱ्या दिवशी विचारणा आली, "आजार जन्मजात आहे का?" आमच्या पॉलिसीत जन्मजात आजारांना संरक्षण असल्याचं कलम होतं. एचआरकडून त्याची प्रत आणि सर्जनचं गरज सांगणारं पत्र पाठवलं. शनिवारी, ५ तारखेला संध्याकाळी मंजुरी आली. बिल झालं २ लाख ३८ हजार, विम्याने दिले १ लाख ९२ हजार, हातमोजे-गाऊन-सिरिंजसारख्या गोष्टी आपल्या खिशातून. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपलं ऑपरेशन त्यात बसतं का हे तिथेच कळतं. आणि दिव्यांग प्रमाणपत्र अजून काढलं नसेल तर काढून ठेवा. जुन्या करप्रणालीत असाल तर प्राप्तिकरात दिव्यांग मुलाच्या पालकाला ७५ हजारांची वजावट मिळते, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची.

रविवारी आषाढी झाली, सोमवारी दाखल झालो, मंगळवारी ८ जुलैला सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तिला आत नेलं. बाहेर पाऊस लागून होता. मी तिची दुपट्याची घडी हातात धरून बसले होते. दहा पन्नासला सर्जन बाहेर आले. गुंडाळी झाली, नळी बसली, पोटावर पाच छोट्या चिरा. त्या रात्री ती व्हेंटिलेटरवर होती. मी काचेतून छाती वरखाली होताना बघत होते आणि ती मशीन करतेय की ही, हे मला कळत नव्हतं. बुधवारी सकाळी साडेनऊला श्वासाची नळी काढली. सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "आई, घेतेय हो स्वतः." तो कागद पर्समध्ये घडी घातलेलाच राहिला.

तिसऱ्या दिवशी ताशी ५ मिलीने दूध सुरू. १७ जुलैला घरी.

घरी आल्यानंतरचे तीन आठवडे कठीण होते, आणि याबद्दल आम्हाला आधी सांगितलं असूनही आम्ही घाबरलो. ओकारी येत नाही, पण उमाळा येतो. तोंड लाल होतं, अंग ताठतं, बाहेर काहीच येत नाही. ढेकर देता येत नाही म्हणून हवा अडकते. उपाय पोटावरच्या नळीतच आहे: पिस्टन काढलेली मोठी सिरिंज नळीला लावून उंच धरायची, हवा फसकन निघते. दूध देण्याआधी पाच मिनिटं, आणि दिल्यानंतर अर्ध्या तासाने पुन्हा. ऑगस्टमध्ये एकदा दूध संपल्यावर तासाभराने ती पांढरी पडली, घामेजली. साखर ५२. दूध जठरातून फार भरकन पुढे गेलं की आधी साखर चढते आणि मग कोसळते, त्याला डंपिंग म्हणतात. तेव्हापासून १०० मिली दूध पंधरा मिनिटांऐवजी पाऊण तासात देतो. पुन्हा तसं झालं नाही.

चार महिन्यांत एक सर्दी झाली, पाच दिवसांत गेली. न्यूमोनिया नाही. दवाखान्यात मुक्काम नाही. वजन १०.८ किलो. आजार आहे तिथेच आहे. ते "ऊं" परत आलेलं नाही. सप्टेंबरात आठ-दहा दिवस तिची नजर फिरत नव्हती, का ते कुणाला सांगता आलं नाही, मग आपोआप फिरू लागली. गुंडाळी पुढे सैल पडू शकते हेही आम्हाला माहीत आहे.

काही बारीकसारीक गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही. पोटातली नळी पहिल्या काही आठवड्यांत निघाली तर स्वतः घालू नका, थेट सर्जनकडे जा. मार्ग पक्का झालेला नसतो. नंतर निघाली तरी वेळ घालवू नका, काही तासांत भोक आक्रसायला लागतं. म्हणून त्याच मापाची एक नळी कायम पिशवीत असू द्या. सिरिंज, कापूस, चिकटपट्टी नाशिकच्या गोळे कॉलनीत घाऊक भावात मिळते; घराजवळच्या दुकानापेक्षा आमचे महिन्याचे सातशे-आठशे रुपये वाचतात. भोकाभोवती लालसर मांस वाढलं तर घाबरू नका, पण दाखवा. आणि मुलाच्या पोटावरून हात फिरवताना भिऊ नका. मी पहिले पंधरा दिवस तिला कुशीत घ्यायला घाबरत होते. सासूबाईंनी घेतलं, तेव्हा माझी भीड चेपली.

सव्वा वर्ष छकुलीच्या गालावर नाकातल्या नळीची चिकटपट्टी होती. ती जागा अजून बाकीच्या गालापेक्षा फिकट आहे. सकाळी सहाचं दूध आता सासूबाई देतात. सिरिंज धरून पाऊण तास तिच्याजवळ बसतात, आणि हात रिकामा असतो त्या हाताचं बोट त्या गालावरून फिरवत असतात. नळी बदलायची पुढची तारीख ९ जानेवारी आहे.